पाइप जुनाच राहील!

भांडुपमध्ये एसी बदलणाऱ्या प्रत्येक घरात एक गृहस्थ न बोलावता हजर होतात. टेम्पो गेटवर थांबायचा अवकाश, हे खोक्यावरचा टन आणि तारे वाचून मोकळे. आमच्या सोसायटीत त्यांना भाऊ म्हणतात. तुमच्याकडे अण्णा असतील, नाहीतर तात्या. गाव सावंतवाडीकडचं, हयात गेली एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात. कारखाना गेला, तिथे टॉवर उभा राहिला; मेंटेनन्स मात्र भाऊंच्या अंगात तसंच राहिलं.

भाऊंचा ठराव एकच असतो, आणि तो एकमताने मंजूर असतो. मत त्यांचंच असतं. "पाइप जुनाच राहील!"

हे म्हणणं वेडगळ असतं तर प्रश्न नव्हता. पण पाइप पीओपीच्या पोटातून गेलेला असतो. तो बदलायचा म्हणजे छत फोडायचं, मग रंगारी, मग घरातली भांडणं. खोक्यातून पाइप मिळाला तरी साधारण तीन मीटर. पुढचं बिल रनिंग फुटाने. "आणि तांबं बघ जुनं! जाड!" भाऊ पाइपवर टिचकी मारून नाद ऐकवतात. "आताचं म्हणजे वर्ख." खरी मेख पुढे आहे. काढलेला पाइप गुंडाळून मेकॅनिकच्या पिशवीत जातो, हे भाऊंना बघवत नाही. तांब्याचा भंगाराचा भाव त्यांना रोजच्या रोज पाठ असतो. नातवंडांचे वाढदिवस विचारू नयेत.

परवा ३०२ मध्ये असाच सामना झाला. मेकॅनिक विशीतला पोरगा. मे महिना, मागे चार कॉल थांबलेले. "अंकल, पुराना बाइस का था, ये बत्तीस का है. लाइन में पुराना ऑइल बैठा है."

"मग धू की!"

पोरगा खरं बोलत होता. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला, त्याची वरात फिरत फिरत आता टेंभीपाड्यापर्यंत आली आहे. जुन्या आर-२२ गॅसबरोबर मिनरल तेल फिरायचं. नव्या आर-३२ ला कृत्रिम तेल लागतं, आणि जुन्या तेलाशी त्याचं जमत नाही. ते तेल पाइपच्या खोलगट वळणात मुक्काम ठोकतं, कॉम्प्रेसरकडे परतत नाही. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. (इथे जाड तांब्याबद्दलचं भाऊंचं मत नाइलाजाने मान्य करावं लागतं.) जुना कॉम्प्रेसर जळून गेलेला असेल तर तेलात आम्ल उतरतं. अशा वेळी भाऊ पाइपचं तोंड हुंगतात, नाक मुरडतात आणि "बदला" म्हणतात. त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

३०२ चा पाइप हुंगण्यात पास झाला. धुवायचा तर आत फ्लशिंगचं रसायन सोडायचं आणि मागून कोरडा नायट्रोजन मारायचा. नायट्रोजनचा सिलिंडर दुकानात, म्हणजे वेगळे पैसे.

"कशाला? हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. मी सायकलचा पंप आणतो."

अठ्ठ्याहत्तर बरोबर होते. उरलेल्या बावीसमध्ये बहुतेक ऑक्सिजन, आणि वर भांडुपच्या मे महिन्यातला दमटपणा. नवं तेल पाणी अधाशासारखं शोषतं आणि पुढे आम्ल होऊन कॉम्प्रेसरच्याच मुळावर उठतं. पोरग्याने हे सांगून पाहिलं; भाऊंनी पंप कुठल्या माळ्यावर आहे ते आठवून पाहिलं. शेवटी कंटाळून पोरगा म्हणाला, "ठीक है, गाडी में वेल्डिंग का ऑक्सिजन है, उसीसे मार देता हूं."

भाऊ स्टुलावरून उठलेच. "मेल्या! तेलात ऑक्सिजन? बिल्डिंग उडवतलंस काय?"

हा आवाज तीस वर्षं मशीनच्या गोंगाटावर चढवलेला होता. पोरगा मुकाट दुकानात गेला आणि नायट्रोजन घेऊन आला. पैशांचं नाव कुणी काढलं नाही.

मग धुलाई सुरू झाली. पाइपच्या दुसऱ्या टोकाला भाऊंनी स्वतःच्या बनियनचा पांढरा तुकडा धरला. पहिल्यांदा तुकडा काळा, मग चहाच्या रंगाचा, मग पिवळट. "हो गया, अंकल." "नाय झालं." चौथ्या वेळी तुकडा कोरा निघाला, तेव्हा भाऊंनी तो सगळ्या घराला फिरवून दाखवला. घरातल्या आजींनी सवयीने हात जोडले.

व्हॅक्यूमच्या वेळी पोरग्याने पुन्हा घाई केली. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो म्हणाला, दोन मिनिटांचं काम. "तो गॅस पेट घेतो, ठाऊक आहे ना? पंप लाव." भाऊ घड्याळ काढून गेजच्या काट्यासमोर बसले. अर्धा तास काटा हलला नाही, भाऊही हलले नाहीत. तेवढ्यात तीन चहा झाले आणि पोरग्याचे दोन कॉल दुसऱ्याने नेले.

नव्या जोडणीसाठी जुने फ्लेअर आधीच कापले होते. दोन पाइप, चार टोकं, म्हणून तांब्याचे बोटभर चार तुकडे फरशीवर पडले होते. निघताना दोघांचीही नजर एकदमच तिकडे गेली.

"दोन तुझे, दोन माझे," भाऊंनी न्याय केला आणि आपले दोन खिशात टाकले. पोरगा हसला, नमस्कार केला, गेला. मग भाऊंनी फरशी नीट पाहिली. जुने चार पितळी नट कुठेच नव्हते.

"ए! पितळ! पितळ ठेव!" लिफ्ट खाली निघाली होती. भाऊंनी चपलाही न घालता जिना धरला.