असू दे, लागेल

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी टीव्हीखालचा डावीकडचा ड्रॉवर उघडला. असा एक ड्रॉवर प्रत्येक घरात असतो. संपलेले सेल, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, आहेराची रिकामी पाकिटं आणि जुने मोबाईल त्यात गुण्यागोविंदानं नांदतात. मोबाईल मोजले. चार निघाले. माझ्या हिशेबानं पाच हवे होते.

पाचव्याचा तपास नंतर. आधी या चौघांची ओळख. पहिल्याची काच तडकलेली. दुसऱ्याची काच शाबूत, पण तो चालूच होत नाही. तिसरा चालू होतो, पण त्याचा पॅटर्न मला आठवत नाही. चौथा चालू होतो, पॅटर्नही आठवतो, फक्त त्याची पाठ वर आली आहे. घरात फुगावी ती पुरी. बॅटरी फुगली याचा अर्थ आत रसायनांचं विघटन होऊन वायू साठलाय आणि आपण ते प्रकरण लहान मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवलंय.

"यांचं काय करायचं?" बायकोनं विचारलं.

"असू दे. लागेल."

कधी, कुणाला, कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. आमच्या संसाराच्या यशाचं रहस्य तेच आहे.

'असू दे, लागेल' हे आपल्या घरांचं घोषवाक्य. त्यामागे खानदानी परंपरा आहे. आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, आणि त्याच्या चिंध्या झाल्या की कंदिलाची काच पुसायला. श्रीखंड संपलं की डब्यात मोहरी. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, चळत करून रद्दीवाल्याकडे. आम्ही याच घराण्याचे वारस. फक्त एक बारीकसा घोटाळा झालाय. आजी वस्तू ठेवत नव्हती, ती दुसऱ्या कामाला लावत होती. आम्ही कामाला लावण्याचा भाग गाळला आणि ठेवण्याचा तेवढा उचलला.

फोनची गोधडी होत नाही. ड्रॉवरमध्ये पडून तो एकच काम निष्ठेनं करतो, स्वस्त होण्याचं. लोणचं मुरतं, फोन मुरत नाही.

माझाच हिशेब देतो. अठरा हजारांचा फोन तीन वर्षं वापरून नवा घ्यायला गेलो, तेव्हा 'जुन्या फोनवर १२,००० रुपयांपर्यंत सूट' अशी पाटी झळकत होती. 'पर्यंत' हे मराठीतलं सर्वांत लवचीक शब्दयोगी अव्यय आहे. चौकशी केली तर माझ्या फोनला ५,२०० रुपये सांगितले. मी बाणेदारपणे नकार दिला. "एवढ्यात देण्यापेक्षा घरी ठेवीन," म्हणालो आणि घरी ठेवला. दोन वर्षांनी पुन्हा विचारलं तर सातशे. मधल्या काळात कंपनीनं त्याचे अपडेट बंद केले होते आणि त्याच्या मागून चार नवे भाऊ बाजारात आले होते. म्हणजे माझा बाणेदारपणा साडेचार हजारांना पडला. एवढ्यात चांगली पैठणी येत नाही, पण भांडण मिटण्यापुरती साडी आली असती.

लहानपणी दारावर बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची, भांडं द्यायची. काठ उजेडात धरून बघायची, "जर खोटी आहे ताई" म्हणायची, पातेलं पुढे करायची, आई ते मागे सारायची, आणखी एक पँट टाकली की मोठं पातेलं मिळायचं. आता तिच्या जागी एक तरुण मुलगा येतो. फोन उजेडात धरतो, ओरखडे मोजतो, मोबाईलवर टिचक्या मारतो आणि आकडा सांगतो. काम अगदी तेच. पण बोहारणीशी घासाघीस करता येत होती. या मुलाला "अजून दोनशे वाढव" म्हटलं तर तो म्हणतो, "सर, ॲपच घेत नाही." समोरचा माणूस घ्यायला तयार आणि ॲप नाही म्हणतंय. याला प्रगती म्हणतात.

फोनपेक्षा खोकी जास्त. कपाटावर पाच रिकामी खोकी आहेत, कारण 'विकताना किंमत येते'. विकला एकही नाही. २०२२ साली महाराष्ट्रात खोक्यांवरून केवढी घोषणाबाजी झाली, पण माझ्या खोक्यांची चौकशी करायला कुणी आलं नाही. ती खरोखरच रिकामी होती.

काही फोन मात्र ड्रॉवरमध्ये जात नाहीत, ते घरातल्या घरात खाली सरकतात. आमच्याकडे फोनची उतरंड आहे. नवा मुलाला, कारण त्याला 'प्रोजेक्ट' असतात. मुलाचा मला. माझा आईला, कारण "तुला काय, व्हिडिओ कॉलच तर करायचाय". दिसायला ही काटकसर. आता जरा उलटून बघा. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट कधीच थांबले, तो फोन आपण देतो कुणाला? जिची पेन्शन येते, जिच्या नावावर घरातल्या सगळ्यात मोठ्या मुदत ठेवी आहेत आणि जी "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी चहापाण्याचं विचारते, तिला. ज्याच्या खात्यात साडेआठशे रुपये आहेत, त्या चिरंजीवांकडे अभेद्य सुरक्षा. तिजोरीला चिमट्यानं उघडणारं कुलूप आणि चपलांच्या कपाटाला पोलादी दार, असा हा बंदोबस्त.

न विकण्याचं दुसरं कारण आपण आवाज खाली घेऊन सांगतो. "त्यात आपला डेटा असतो ना." असतो. चार हजार फोटो. त्यातले नऊशे 'शुभ सकाळ'चे, तीनशे मेनूकार्डांचे, आणि सत्तर चुकून काढलेले, स्वतःच्या अंगठ्याचे. यांच्या रक्षणासाठी आपण फोन ड्रॉवरमध्ये नजरकैदेत ठेवतो.

खरं तर काम अर्ध्या तासाचं आहे. फोटो नि गप्पा नव्या फोनवर घ्यायच्या. बँकेची आणि पैशांची ॲप नव्यावर चालू झाली का ते पाहायचं. मग जुन्या फोनमधून आपलं गुगलचं किंवा ॲपलचं खातं काढायचं. हे विसरलं तर रीसेटनंतरही तो जुना पासवर्ड मागत बसतो आणि पुढच्या मालकाच्या हाती नुसती वीट उरते. मग फॅक्टरी रीसेट. अलीकडच्या फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. रीसेट केलं की किल्लीच नष्ट होते, म्हणून निर्धास्त राहता येतं. शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढायचं. हे शेवटचं कलम आपण हमखास विसरतो.

आणि गंमत पुढेच आहे. दुकानात डेटाची भीती बाळगणारा हाच माणूस दारावरच्या कर्ण्यापुढे विरघळतो. आमच्या गल्लीत दर पंधरा दिवसांनी एक दुचाकी येते. मागे प्लॅस्टिकचे टब, पुढे कर्णा. "जुने मोबाईल, फुटलेले मोबाईल, बंद पडलेले मोबाईल द्याऽऽ." ना बिल, ना पावती, ना नाव. शेजारच्या काकांनी मेमरी कार्डासकट फोन दिला आणि निळा टब घेतला. नातीच्या बारशाचे फोटो टबाच्या भावात गेले. काकांचं म्हणणं, टब मजबूत आहे.

२०२४ साली तेलंगणातल्या रामगुंडमच्या पोलिसांनी सुमारे चार हजार जुने फोन पकडले. किरकोळ पैसे किंवा किरकोळ वस्तू देऊन गावोगाव गोळा केलेले. पोलिसांचं म्हणणं असं, की ते सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे चालले होते. म्हणजे "बँकेतून बोलतोय" हा फोन उद्या आईला येईल, तेव्हा तो कुणाच्या तरी टबाच्या बदल्यात गेलेल्या हँडसेटवरून आलेला असू शकतो. प्रत्येक हँडसेटला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो, आणि आपलं सिम त्यात वर्षानुवर्षं बसलेलं होतं याची नोंद असते. म्हणून फोन कुणालाही द्या, पावती घेतल्याशिवाय देऊ नका. जुना फोन विकत घेणार असाल तर 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा आणि मग तो क्रमांक लिहून १४४२२ ला मेसेज करा. चोरीचा असेल तर कळतं. लग्नाआधी पत्रिका बघणाऱ्या समाजाला एवढी चौकशी जड जाऊ नये.

जे फोन फसवणुकीच्या कामाचेही उरत नाहीत, ते भंगारात जातात. मुरादाबाद हे पितळी भांड्यांचं गाव. पुढे त्याचं नाव सर्किट बोर्ड जाळून नि आम्लात बुडवून धातू काढण्यासाठीही घेतलं जाऊ लागलं. धूर कामगाराच्या छातीत, आम्ल रामगंगेच्या काठी आणि धातू व्यापाऱ्याकडे, अशी नेटकी वाटणी.

जपान्यांनी याच कचऱ्याचं काय केलं पाहा. टोकियो ऑलिंपिकची पदकं त्यांनी जुन्या उपकरणांतून घडवली. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत लोकांनी इतर छोट्या उपकरणांसोबत ६२ लाखांवर जुने मोबाईल आणून दिले. त्या सगळ्यातून ३२ किलो सोनं आणि साडेतीन हजार किलो चांदी निघाली, शिवाय कांस्य. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेलं पदक त्यातलंच. सुवर्णपदक म्हणायचं, पण आतून चांदी, वर जेमतेम सहा ग्रॅम सोन्याचा मुलामा. कुणा जपानी आजीच्या ड्रॉवरमधला फोन पानिपतच्या पोराच्या गळ्यात जाऊन चमकला. आपला ड्रॉवर अजून पात्रता फेरीतच बाद होतोय.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. कायद्याच्या बाबतीत आपण कधीच मागे नसतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादकानं ठरल्या प्रमाणात ई-कचऱ्याचा पुनर्वापर करवून घ्यायचा, अशी जबाबदारी त्यात आहे. फोन विकताना मात्र कव्हर घ्या, काच लावा, विमा काढा असं तीनदा सांगणारा विक्रेता "जुना इथे द्या" हे एकदाही सांगत नाही. आमच्या सोसायटीत ई-कचऱ्याचा डबा आला, तेव्हा मी आशेनं उघडून पाहिला. आत निर्माल्य होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. बाकीच्यातला थोडा माझ्या टीव्हीखाली आहे.

तर मी त्या रविवारी निश्चय केला. फुगलेला फोन आधी बाहेर. त्याला टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही आणि ओल्या-सुक्याच्या कुठल्याच बादलीत टाकायचं नाही, अधिकृत केंद्रावर द्यायचा. चालू होणारा पुसूनबिसून एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावा, असा उदात्त विचारही आला. मग आठवलं, त्याच्यावर आता अभ्यासाचं ॲपदेखील उतरत नाही. आपल्याला नकोसं झालेलं दुसऱ्याला दिलं की दान होतं, हा समज ॲपला मान्य नाही.

चारही फोन पिशवीत भरले. पिशवी दाराशी ठेवली. मग ती पायात येते म्हणून तात्पुरती ड्रॉवरमध्ये ठेवली.

संध्याकाळी वीज गेली. माझा सध्याचा फोन चार टक्क्यांवर. ड्रॉवर चाचपडला. त्यात चार्जर तीन, एकही कशात न बसणारा. हातात चार फोन आणि घरात काळोख, अशा अवस्थेत उभा असताना आईच्या खोलीतून उजेडाची एक सरळ रेघ आली. रेघेमागून आई.

तिच्या हातात पाचवा होता. नोकिया ११००. २००४ साली घेतलेला, डोक्यात टॉर्च असलेला. जगभरात पंचवीस कोटींवर विकला गेलेला आणि माझ्या हिशेबात हरवलेला. मी दिलेला स्मार्टफोन तिच्या उशाशी असतो, हा उशीखाली. रात्री उठायला टॉर्च, पहाटेच्या गोळीला गजर. त्याची बॅटरी छोट्या रेडिओंतही बसते, त्यामुळे अजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. तिनं दोनदा बदलली होती. जाड पिनचा चार्जर धान्याच्या डब्यामागे, सुतळीनं बांधलेला.

"हा अजून ठेवलायस तू?" मी विचारलं.

"ठेवलाय कुठे? रोज वापरते." तिनं झोत माझ्या हातातल्या पिशवीवर टाकला. "ठेवलेले ते."