आधी ओव्हन रिकामा करा

भाज्या घातलेला बेक्ड पास्ता घरी करायचा ठरला की पहिलं काम ओव्हन रिकामा करायचं असतं. आपल्याकडे ओटीजी भाजण्यासाठी विकत घेतात आणि कोठार म्हणून वापरतात. आत दोन तवे असतात, अप्पेपात्र असतं, उन्हाळ्यात केलेल्या पापडांचा डबा असतो, कुठल्याशा कढईचं झाकण असतं. ते सगळं ओट्यावर ठेवायला जागा नसते, म्हणून जेवणाच्या टेबलावर जातं. तिथे कुणीतरी पेपर वाचत असतं आणि त्याला त्रास होतो. हे सगळं पास्त्याचा दोष म्हणून नोंदलं जातं. मला हे मान्य नाही. कढई शेगडीवर ठेवण्याआधी तिच्यातला लसूण कुणी बाहेर काढतं का? नाही, कारण कढईत लसूण साठवत नाहीत. ओव्हनलाही तेवढा मान द्यायला हवा.

पुढचा प्रश्न प्लगचा. मोठे ओटीजी बहुधा १५०० वॉटच्या पुढचे असतात आणि आपल्या घरांतला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट पेलणारा. १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट स्वयंपाकघरात एकच असतो आणि त्यावर फ्रिज बसलेला असतो. मग फ्रिज काढा, ओव्हन लावा, किंवा एक्स्टेन्शन बोर्ड आणा. एक्स्टेन्शन बोर्डवर ओव्हन लावू नये, वायर तापते, हे मी घरात सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे भित्रा म्हणून पाहतात. नव्या घरांच्या जाहिरातींत मॉड्युलर किचनचे फोटो असतात, त्या किचनमध्ये जाड पिनांचे सॉकेट किती आणि कुठे, हे कुणी छापत नाही. बिल्डरने ओट्यामागे असा एक सॉकेट जास्त दिला तर भिंतीचं काही बिघडत नाही.

पण माझा खरा राग पाककृती सांगणाऱ्यांवर आहे. 'व्हाइट सॉस घट्ट होईपर्यंत ढवळा' असं एक वाक्य टाकून ते पुढे चीजवर जातात. किती घट्ट? कशासाठी घट्ट? कटलेटच्या सारणाला लागणारा सॉस आणि ओव्हनमध्ये जाणारा सॉस एकच असतो का? १९७० साली आलेल्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याच्या मापात प्रमाणं दिली आणि नवशिक्या हातांना धीर आला. त्याच महाराष्ट्रात आज व्हिडिओतला माणूस पिशवीतून मैदा सरळ ओततो आणि 'अंदाजाने' म्हणतो. ज्याला अंदाज आहे तो व्हिडिओ बघत नाही. जो बघतो त्याला अंदाज नाही.

म्हणून प्रमाण इथेच देतो. पाव किलो पास्त्याला पाऊण लिटर दूध, ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा. बटर वितळलं की मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही. मग दूध थोडं थोडं. पहिलं पाव लिटर घालताना हात थांबवायचा नाही, कारण गुठळ्या तिथेच होतात. मैद्याचे कण बटरमध्ये सुटे झालेले असतील तर प्रत्येक कणाला दूध मिळतं. नसतील तर बाहेरचा थर फुगतो आणि आत कोरडं पीठ अडकून बसतं. सगळं दूध गेल्यावर उकळी यायलाच हवी. त्यानंतर आणखी पाच-सात मिनिटं मंद आचेवर, नाहीतर मैद्याचा कच्चट वास राहतो आणि तो चीजने झाकला जात नाही. झाकला जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी चीज न घालता एक चमचा सॉस चाखून बघावा.

आणि हा सॉस चमच्यावरून सहज ओघळेल इतका पातळ ठेवायचा. ओव्हनमध्ये पास्ता दूध पितो, भांड्याच्या कडेने वाफ जाते, थंड होताना सॉस आणखी आळतो. शेगडीवरच जो सॉस खिरीपेक्षा घट्ट झाला, तो ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा सुरीने कापावा लागतो. लग्नाच्या बुफेत चौकोनी तुकडे पडणारा बेक्ड पास्ता मिळतो, तो याच कारणाने. लोक त्याला 'छान सेट झालाय' म्हणतात. तो सेट झालेला नसतो, वाळलेला असतो.

हा सॉस कुणा हॉटेलवाल्याचं गुपित नाही. पेलेग्रिनो आर्तुझी या इटालियन गृहस्थाने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये घरगुती स्वयंपाकाचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं. त्यात 'बाल्सामेला' म्हणून तो आहे: लोणी, पीठ, दूध, तीनच जिन्नस. आपल्याकडे तरला दलाल यांचं 'द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग' १९७४ साली आलं. त्या पुण्यात जन्मलेल्या, पुढे मुंबईत शिकवणाऱ्या. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या वर्गांतून आणि पुस्तकांतून एका पिढीच्या गृहिणींनी बेक्ड डिश शिकून घेतली. वाढदिवसाला मॅकरोनी आणि अननसाची बेक्ड डिश असायची, ती शाकाहारी घरांतली खास पाहुण्यांची गोष्ट. त्या बायका व्हाइट सॉस मनापासून करायच्या. त्यांच्या मुली आणि सुना आज पाकिटातली पावडर दुधात कालवतात, याचं मला वाईट वाटतं. वेळ वाचतो दहा मिनिटं, आणि त्या पावडरीत मीठ इतकं असतं की वर चीज पडलं की घास खारट लागतो.

त्यातून जायफळ वगळलं जातं, हे तर मला समजतच नाही. व्हाइट सॉसला जायफळ हवंच. मिरपुडीपेक्षाही आधी जायफळ. ते आपल्या प्रत्येक घरात आहे. श्रीखंडासाठी, पुरणासाठी, बाळाला उगाळून द्यायला. कोकणात ते नारळी-पोफळीच्या बागांत पिकतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद' या त्याच्या जाती काढल्या आहेत. म्हणजे या परक्या पदार्थातली सगळ्यात अस्सल गोष्ट आपल्या मसाल्याच्या डब्यात पडून आहे. तरी माणसं पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या साठवतात आणि त्या सॉसमध्ये फोडतात. त्या पुडीत ओरेगॅनोबरोबर मीठ आणि इतर काय काय असतं, ते पुडीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. वाचावं. जायफळ किसायला एक मिनिट लागतं आणि पाऊण लिटर दुधाला पाव चमचा पुरतो.

पास्ता उकडताना पाण्यात तेल घालायचं, ही अफवा कोणी सुरू केली? काही पाकिटांवरही ती छापलेली असते. तेल पाण्यावर तरंगतं, उपसताना पास्त्याला लागतं आणि मग सॉस त्याच्यावरून घसरतो. चिकटू नये म्हणून भरपूर पाणी लागतं: १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं. उकडून झाल्यावर नळाखाली धरून धुवायचा, ही दुसरी अफवा. सॉस धरून ठेवणारा स्टार्च त्यात वाहून जातो. बेक करायचा पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं आधी उतरवायचा, कारण उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये होणार असतं. मी तो उतरवतो तेव्हा आई बाजूला उभी असते. "अरे, कच्चा आहे तो. बोटाने दाब जरा."
"आई, अजून अर्धा तास ओव्हनमध्ये आहे गं."
"मग काय झालं? भात कधी अर्धा कच्चा उतरवतात का?"
भात कच्चा उतरवून दम देतात, बिर्याणीत. हे सांगितल्यावर ती गप्प होते, पण पटलेलं नसतं.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असावा. इटलीत १९६७ च्या कायद्याने कोरड्या पास्त्याला तो बंधनकारक केला. मैद्याचा स्वस्त पास्ता उकडताना पाणी पांढरं करतो आणि ओव्हनमध्ये त्याचा लगदा होतो. ड्युरम आपल्याला नवा नाही. बन्सी गहू म्हणतो तो ड्युरमच, शेवया आणि रव्यासाठी आपल्या आज्या तोच मागायच्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस ४०२८' ही ड्युरमची जात काढली, तिच्यात १४.७ टक्के प्रथिनं आहेत. तरीही किराणा दुकानात 'ड्युरमचा पास्ता आहे का?' असं विचारलं की दुकानदार सगळ्यात महागडं परदेशी पाकीट पुढे करतो. भारतीय पाकिटांवरही घटक लिहिलेले असतात. 'ड्युरम व्हीट सेमोलिना' हे शब्द शोधायचे, एवढंच काम आहे.

आता भाज्या. ओव्हनमधला पास्ता पाण्यात पोहत बाहेर येतो, त्याचं कारण भाज्या. फ्लॉवर, मशरूम आणि ढोबळी मिरची यांत ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं, झुकिनीत त्याहून जास्त. त्या कच्च्या चिरून सॉसमध्ये ढकलल्या की ओव्हनच्या आचेत ते पाणी सुटतं, सॉस फाटल्यासारखा दिसतो आणि तळाशी पांढरट पाणी साचतं. म्हणून भाज्या आधी मोठ्या आचेवर पसरट कढईत परतायच्या, थोड्या थोड्या, गर्दी न करता, कडा तपकिरी होईपर्यंत. मीठ शेवटी. भाजीच्या अंगावर ओल आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं जात नाही आणि त्याखाली तो खमंग रंग येत नाही. पालक घालायचा असेल तर उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. मूठ दुखेपर्यंत पिळायचा.

लाल भोपळ्याचं मला विशेष सांगायचं आहे. तो परतून घातला तर या पदार्थात इतका गोड आणि दाट लागतो की ब्रोकोलीची आठवण येत नाही. पण पाहुण्यांपुढे लाल भोपळा कसा ठेवायचा, म्हणून लोक दुकानात 'एक्झॉटिक' लिहिलेल्या ट्रेमधून पिवळी ढोबळी मिरची आणतात. भोपळ्याला हे फार अन्यायाचं आहे. आणि मका. प्रत्येक बेक्ड पास्त्यात स्वीट कॉर्न असलंच पाहिजे असा नियम कोणी केला? एका घासात तीन दाणे आले की बाकी सगळ्या भाज्यांची चव बुडते. मुलांना आवडतो म्हणून घालतात, हे मला माहीत आहे. मुलांना गाजरही आवडतं, ते नीट परतलेलं असलं तर.

चीजबद्दल सगळ्यांना वाटतं की आपल्याला कळतं. खरं तर लोक तार बघतात. काटा वर उचलायचा, तार किती लांब जाते ते मोजायचं, फोटो काढायचा. तार साखरेच्या पाकात बघावी. पास्त्यात चव बघावी. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबला तार येत नाही, कारण त्यातले क्षार चीजमधल्या कॅल्शियमला बांधून ठेवतात. पण त्याच कारणाने तो सॉसमध्ये गुळगुळीत विरघळतो, फाटत नाही. म्हणजे क्यूब आत घालायचा, गॅस बंद करून, आणि मोझरेला वर पसरायचा. दोघांची कामं वेगळी आहेत. लोक उलटं करतात, क्यूब वर किसतात, तो वितळून चामड्यासारखा होतो, आणि मग 'ओव्हन बरोबर नाही' म्हणतात. पाकिटातल्या किसलेल्या चीजला दाणे चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते तितकं नीट वितळत नाही. अख्खा गोळा आणून किसावा.

शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण विकणारे ती सांगत नाहीत. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय बनवताच येत नाही, तो त्याच्या नियमांचा भाग आहे. महागाचं पार्मेझान भेट म्हणून आणणाऱ्या पाहुण्याला हे सांगणं अवघड जातं, पण श्रावणात आत्याच्या ताटात ते वाढणं त्याहून वाईट.

भाजायला २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त वरची रॉड. या पाच मिनिटांत दार उघडून 'झालं का?' विचारायचं नाही. काच त्यासाठीच बसवलेली असते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे सॉस पास्त्याला धरतो आणि जीभ भाजत नाही. ही दहा मिनिटं मला आजवर कोणत्याही जेवणात मिळालेली नाहीत. भांडं टेबलावर आलं की पहिला चमचा मधोमध घुसतो, कडा कुणी घेत नाही, आणि कडेलाच सगळ्यात चांगला भाग असतो, करपल्याच्या अगदी अलीकडचा. भाचा केचप मागतो. काका विचारतात, "हे झालं, पण वरणभात आहे ना?" आहे, काका. कुकर लावलेला आहे. पण आधी एक वाढप मन लावून खाऊन बघा, मग भाताकडे वळा.

आणि रात्री ते भांडं कोरडं सिंकमध्ये टाकू नका. चीज आणि मैदा काचेवर भाजून बसलेले असतात, सकाळी मावशी येतात तेव्हा ते दगडासारखे झालेले असतात आणि तारेच्या घासणीने काचेवर ओरखडे पडतात. बोलणी मावशींना बसतात. भांडं निवलं की कोमट पाणी भरा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि झोपायला जा. ज्याने शेवटचा चमचा घेतला त्याने हे करायचं. तो चमचा दरवेळी कोण घेतो ते घरात सगळ्यांना माहीत आहे.