वरची खिडकी

सिगारेट ओढणारा माणूस फार विनयशील असतो, असं माझं अनेक वर्षं मत होतं. हे मत मी स्वतःकडे बघून बनवलं होतं. सिगारेट पेटवण्याआधी तो समोरच्याला विचारतो, "चालेल ना?" तोवर काडी ओढून झालेली असते, सिगारेट ओठांत असते, त्यामुळे प्रश्न "आएल ना?" असा काहीसा ऐकू येतो. पण विचारलेला असतो. आणि समोरचा म्हणतो, "चालेल." मराठीत या शब्दाइतका सोशिक शब्द दुसरा नसेल. चहात साखर पडली नाही, चालेल. लग्नात शेवटच्या पंगतीला बसवलं, चालेल. 36 वर्षांत "नाही चालणार" असं मला तोंडावर सांगणारा माणूस एकच भेटला, आणि तो चार वर्षांचा होता.

मी तर ओढणाऱ्यांतला आदर्श. कुणाच्या तोंडावर धूर सोडला नाही. मान वळवून, ओठांचा कोपरा वाकडा करून तो खिडकीच्या दिशेने रवाना करत असे. तो खिडकीपर्यंत पोचतो की वाटेतच कंटाळून परत फिरतो, हे पाहायला मात्र थांबत नसे. लहान मूल जवळ आलं की सिगारेटचा हात पाठीमागे. पाठीमागे जो उभा असेल त्याचं नशीब. घरी येताना मूठभर बडीशेप. बडीशेपेने धुराचा वास जात नाही, बडीशेप खाल्लेल्या धुराचा वास येतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

1996 साली मुलगी झाली तेव्हा घरात ओढणं बंद केलं आणि गॅलरीत जाऊ लागलो. या त्यागाबद्दल मी बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे. डोंबिवलीतली जुनी चार मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. जेवण झालं, बातम्या झाल्या, की दहाच्या सुमारास दिवसातली शेवटची. पेटवली की मिनिटाभरात वरून खिडकीची कडी लागल्याचा आवाज यायचा. खट्. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची ती झोपायची वेळ. मे महिन्यात अंगाची लाही होत असतानासुद्धा त्यात फरक नाही. "काय शिस्त आहे बघ या पिढीची," मी बायकोला म्हणायचो, "दहा म्हणजे दहा." बायको काही बोलायची नाही. न बोलण्यात तिचीही शिस्त होती.

तसं पाहिलं तर आपल्याकडे सिगारेट ओढताना दुसऱ्याचा विचार करायची रीत जुनीच आहे. फक्त तो विचार वडीलधाऱ्यांच्या फुप्फुसांचा नसून डोळ्यांचा असतो. त्यांना दिसता कामा नये, एवढंच. माझे वडील सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारे. 1986 साली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे ओढायला सुरुवात केली. वडील संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायला येत. वर येताना, जिन्याच्या शेवटच्या सहा-सात पायऱ्या राहिल्या की मोठ्याने खाकरत. तेवढ्या वेळात थोटूक विझायचं, धूर पांगायचा आणि मी टाकीतल्या पाण्याची पातळी पाहत असल्यासारखा उभा राहायचो. "भरली का रे टाकी?" ते विचारायचे. "भरतेय," मी म्हणायचो. त्यांना घशाचा काहीतरी त्रास आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. घरात ते कधीच खाकरत नसत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ते जाऊन दहा वर्षं झाली होती.

या 'चालेल'चा घोळ कायद्यालाही धड निस्तरता आलेला नाही. इंग्रजांच्या 1890च्या रेल्वे कायद्यात असं होतं की सहप्रवाशांच्या संमतीशिवाय डब्यात धूम्रपान केलं तर 20 रुपयांपर्यंत दंड. आपण 1989 साली नवा कायदा केला. त्याच्या 167व्या कलमात म्हटलं आहे की डब्यातल्या दुसऱ्या कुणा प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायची नाही. दंड 100 रुपयांपर्यंत. (अख्ख्या गाडीतच मनाई करायची मुभाही रेल्वेला त्याच कलमात आहे, ते बरं.) म्हणजे साहेबाच्या राज्यात ओढणाऱ्याने विचारायचं होतं, स्वराज्यात न ओढणाऱ्याने तोंड उघडायचं आलं. दंड पाचपट झाला खरा, पण त्यासाठी डब्यात भांडायला तयार असलेला निदान एक माणूस हवा. आमच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरून महाभारत होतं. दारात उभा राहून मी ओढलेल्या सिगारेटींवरून एकदाही झालं नाही. लोक नुसते रुमाल काढायचे. त्यांना घाम येतोय असं मला वाटायचं.

1992 साली नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात प्रत्येक टेबलावर टाचण्यांची डबी आणि अॅशट्रे एकाच मानाने नांदत होते. पुढे मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001ला न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. आमच्याकडे त्याचा परिणाम एवढाच झाला की अॅशट्रे टेबलावरून खणात गेले. 2003चा कायदा आला, आणि मग 2008च्या गांधीजयंतीपासून नियम कडक झाले. ऑफिस, हॉटेल, जिना, कुठेच नाही, 200 रुपयांपर्यंत दंड, आणि भिंतीवर पाटी. आम्ही गेटबाहेरच्या टपरीपाशी गेलो. ते दिवस वाईट होते असं मी खोटं लिहिणार नाही. साहेब आणि शिपाई एकाच काडीवर पेटवत. बदल्या, बढत्या, मुलींची स्थळं, सगळं तिथेच ठरायचं. वर राहिलेल्यांना ते दोन दिवसांनी परिपत्रकातून कळायचं.

तिथे उभं राहिल्यावर वाटे, निम्मं जग आपल्याबरोबर आहे. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे नंतर वाचले. महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के. शंभरात चारसुद्धा नाहीत! (तंबाखू चघळणारे चोवीसच्या वर, म्हणून मराठी माणसाने फार हुरळून जाऊ नये.) म्हणजे चौघांनी ओढायची आणि शहाण्णव जणांनी "चालेल" म्हणायचं, असा सगळा कारभार होता.

सोडली का, याचं झकास उत्तर माझ्याकडे नाही. लोकांना ते हवं असतं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, नातीने गळ्यात हात टाकला, असं काहीतरी. माझं तसं झालं नाही. 2022च्या पावसाळ्यात आठ दिवस तापाने पडलो. सिगारेट कागद जाळल्यासारखी लागायला लागली. ताप उतरल्यावर वाटलं, आठ दिवस झालेच आहेत तर नववा करून पाहू. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. दहावा उजाडला तेव्हा मी घाबरलो.

केमिस्टने निकोटीनचा च्युइंगम दिला. तो चिंगमसारखा चघळायचा नसतो. हळू चावायचा, तोंडात झणझणलं की गालात सारून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. थोडक्यात आजोबांची चंची, फक्त चुना नाही. या गोळीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये लुंडच्या संशोधकांच्या लक्षात आलं की पाणबुडीत ओढायची सोय नसलेले खलाशी तोंडातल्या तंबाखूवर भागवतात. त्यांनी ते उवे फर्नो नावाच्या औषधशास्त्रज्ञाला कळवलं आणि त्यातून पुढे च्युइंगम झाला. एवढ्यासाठी समुद्राच्या तळाशी जायची काय गरज होती? एसटीच्या मागच्या सीटवर चौकशी केली असती तरी कळलं असतं.

तलफ येते ती पाच-सात मिनिटांची पाहुणी असते, हेही मला नवीन होतं. मी तिला कायम मुक्कामाला आलेली समजून लगेच चहापाणी करत होतो. चहापाणी केलं नाही तर ती उठून जाते. तासाभराने परत येते, पण पुन्हा जातेही. या काळात मी कसा वागलो ते घरच्यांना विचारू नये. रिमोटच्या सेलवरून मी बायकोशी जे भांडलो, त्यात तिच्या माहेरच्या तीन पिढ्या आल्या. आणखी एक अन्याय म्हणजे ओढत असताना नव्हता एवढा खोकला सोडल्यावर आला. श्वासनळीतले बारीक केस इतकी वर्षं धुराने आडवे पडलेले असतात, ते उठून झाडलोट सुरू करतात. महिना-दीड महिना झाडलोट चालली आणि एके दिवशी खोकला गेला तो गेलाच.

नाक मात्र परत आलं. आधी कोथिंबीर आली. मग पहिल्या पावसाची माती, शेजारच्यांची फोडणी. मग एका रविवारी मी कपाट उघडलं आणि झटकन बंद केलं. आत कुणीतरी मेल्यासारखा वास होता. ते माझे हिवाळी कपडे होते. आमच्या दाराच्या मागे एक खुंटी आहे, फक्त माझ्या शर्टांची. बाकीच्यांचे कपडे आत, माझे दाराशी. घरच्या कर्त्याला जवळची खुंटी, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

"अगं, इतका वास यायचा?" मी बायकोला विचारलं.

"कशाचा?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, "आता नाही येत."

ताकेशी हिरायामा नावाच्या जपानी संशोधकाने 1981 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः न ओढणाऱ्या 91,540 बायका, चौदा वर्षं पाठपुरावा. ज्यांचे नवरे खूप ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जास्त निघाले. दुसऱ्याच्या धुराचा हिशोब जगाने खरा मांडायला घेतला तो तिथून. मी पहिली सिगारेट ओढली त्याच्या पाच वर्षं आधी हे छापून आलं होतं. त्या बायकांनी किती वेळा "चालेल" म्हटलं असेल, ते त्यात मोजलेलं नाही.

मधले काही महिने मी भलताच असह्य झालो होतो. कालच गळ्यात माळ घातलेला माणूस दुसऱ्याच्या ताटातल्या रश्श्याकडे बघतो, तसा मी लोकांच्या बोटांकडे बघायचो. रिक्षात शिरलो की आधी वास घ्यायचो. टपरीवरच्या जुन्या मित्राला पाकिटावरचं चित्र दाखवून मी तीन मिनिटं बोललो. पाकिटाचा 85 टक्के भाग त्या चित्राने आणि सूचनेने व्यापलेला असतो, हे त्याला रोज दिसत होतंच. त्याने शांतपणे झुरका संपवला आणि म्हणाला, "तू ओढत होतास ते परवडत होतं रे." ते मी मनावर घेतलं.

तर गॅलरी. ताप उतरल्यावर रात्री दहाला पाय आपोआप तिकडे वळायचे. गालात गोळी ठेवून मी उभा राहायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खट् झालं नव्हतं. सव्वादहा झाले, साडेदहा झाले, वरची खिडकी उघडीच. दुसऱ्या रात्रीही तेच. काकू चौऱ्याऐंशीच्या, एकट्या राहतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर जाऊन बेल वाजवली. काकूंनीच दार उघडलं, ठणठणीत.

"बरी आहे की. का हो?"

"नाही, रात्री खिडकी लागली नाही तुमची, म्हणून म्हटलं…"

काकूंचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. "अगंबाई! खाली ऐकू जायची होय? मी तर हळू लावत होते."

मला समजायला थोडा वेळ लागला. धूर वर जातो हे मी शाळेत शिकलो होतो. वर कोण राहतं हे मला माहीत होतं. या दोन गोष्टी 26 वर्षांत एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

"काकू, एकदा तरी बोलायचं होतंत."

"चालायचंच हो," काकू म्हणाल्या. "घरात लेकराला त्रास नको म्हणून तुम्ही बाहेर यायचात, ते का मला कळत नव्हतं? बसा, चहा टाकते." आधण ठेवताना त्या आतूनच म्हणाल्या, "पण एक झालंय बघा. रात्रीची प्रेशरची गोळी राहते हल्ली. वास आला की दहा वाजले, खिडकी लावायची, गोळी घ्यायची, असं डोक्यात बसलं होतं. आता वाजतात कधी दहा ते कळतच नाही."

मोबाइलमध्ये गजर लावून देतो म्हटलं, तर त्यांना तो बंद करता येईना. म्हणून आता मी रोज दहाला गॅलरीत जातो आणि वर तोंड करून मोठ्याने खाकरतो. खोकला उरलेला नसल्यामुळे तो मुद्दाम काढावा लागतो. पहिल्या रात्री खाकरलो, तर खट्कन खिडकीच लागली. दुसऱ्या रात्री अर्धी लागून पुन्हा उघडली. हल्ली खिडकी हलत नाही. थोड्या वेळाने वरच्या ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज येतो, मग मी आत येतो.