शून्यावर ठेवलेला विश्वास

गोल फिरणाऱ्या नॉबचे माणसाला फार आकर्षण. भिंतीतली वीज २३० व्होल्टची. तिच्याशी घासाघीस चालत नाही. पण टेबलावर डिमरस्टॅट मांडला, की तीच वीज शून्यापासून २७० व्होल्टपर्यंत आपल्या बोटांच्या तालावर चढते-उतरते. त्यामुळे सर्किट तपासायला बदलता एसी पुरवठा घेऊ पाहणारा माणूस, लॅमिंग्टन रोडवर असो की तपकीर गल्लीत, आधी तबकडी किती मोठी ते पाहतो आणि नॉब लोण्यासारखा फिरला की पाकीट काढतो. माझे म्हणणे असे, की या साऱ्या सरंजामात तबकडीचे महत्त्व सगळ्यात कमी. पैसे घालावेत ते न फिरणाऱ्या, न मिरवणाऱ्या वस्तूंमध्ये.

डिमरस्टॅटच्या पोटात लोखंडी कड्यावर गुंडाळलेले एकच वेटोळे असते आणि त्यावरून कार्बनचा ब्रश सरकतो. वेटोळे एकच, म्हणजे भिंतीतली वीज आणि तुमचे सर्किट यांच्यात आडपडदा नाही. आता फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असेल (आणि या दोघांकडे पाहण्याची आपल्याकडच्या एक्स्टेंशन बोर्डांची समदृष्टी संतांनाही लाजवील), तर तबकडी १२ व्होल्ट दाखवत असताना एक टोक जमिनीच्या हिशेबाने २३० व्होल्टवर असते आणि दुसरे २१८ वर. नॉब शून्यावर आणावा, तर दोन्ही टोके २३० वर! तबकडी खोटे बोलत नाही. ती दोन टोकांमधला फरक सांगते. धक्का बसतो तो टोक आणि आपले पाय यांच्यातल्या फरकाचा, आणि तो विचारायची तिला कोणी परवानगीच दिलेली नाही. म्हणून पहिली खरेदी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची: दोन स्वतंत्र वेटोळी, मध्ये तारेचा संबंध नाही.

यावर कोणी म्हणेल, घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी आहे की! आहे, आणि असावाच. पण तो धक्का बसू लागल्यावर जागा होतो, आणि दोन हातांनी दोन टोके धरणाऱ्याला तो नेहमीचे गिऱ्हाईक समजून वीज पुरवत राहतो. आयसोलेशनही अमृत नव्हे. दोन टोकांचा धक्का तिथेही बसतो आणि ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप सर्किटला लावली, की विकत घेतलेला आडपडदा आपल्याच हाताने दूर होतो.

दुसरी उणीव अधिक गमतीची. साध्या डीसी सप्लायला करंट अडवणारा नॉब असतो; डिमरस्टॅट मात्र मागेल त्याला देत सुटतो, सर्किटमधून धूर निघाला तरी. यावरचा उतारा म्हणजे फ्यूज आणि सर्किटशी सीरिजमध्ये जोडलेला १०० वॉटचा जुना, तारेचा बल्ब. गार असताना त्याचा रोध अगदी कमी. तापला की सुमारे ५२९ ओहम. पुढे थेट शॉर्ट असला तरी २३० व्होल्टवर तो ०.४३ अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, आणि स्वतः लख्ख पेटून बातमीही देतो. एलईडी दिव्याकडून ही सेवा होत नाही.

‘व्होल्टेज हळूहळू वाढवले, तर बल्ब कशाला?’ जुन्या व्हॉल्व्ह रेडिओपुरते हे ठीक. पण एसएमपीएसला पुढे ठरलेली शक्ती पुरवायची असते. व्होल्टेज निम्मे केले की तो जवळपास दुप्पट करंट ओढतो. म्हणजे आपण ज्याला हळुवारपणा समजतो, तो त्याचा छळ असतो. राहिला पंख्याचा स्वस्तातला, टप्प्यांशिवाय सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो व्होल्टेज उतरवत नाही, लहरीचे लचके तोडतो. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि साधा मल्टिमीटर बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगतो. इलेक्ट्रॉनिक एसी सोर्स करंट अडवतो, वारंवारताही बदलतो. परदेशी ६० हर्ट्झवर चालणारे उपकरण तपासायचे असेल तर तो हवाच. एरवी त्याची किंमत हाच पहिला धक्का.

तेव्हा आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मग फ्यूज, मग बल्बचा होल्डर आणि उरलेल्या पैशांत बसेल तो डिमरस्टॅट. पहिल्या तीन वस्तूंकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. टेबलाशी आलेला प्रत्येक जण नॉबच फिरवेल. फिरवू द्यावा. तो धडधाकट घरी गेला, की तिन्ही वस्तूंचे पैसे वसूल झाले असे समजावे.