प्रबंधाचा विषय हवाय? हिरकणीवाडीत या

डिजिटल ओळख आणि वैयक्तिक माहितीवर पीएच.डी. करायची आहे? परदेशी विद्यापीठांच्या जाहिराती चाळताय? आधी रायगडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीला या. रोपवेच्या रांगेत थांबू नका. वाडीत शिरा.

देशातलं पहिलं आधार महाराष्ट्रातच दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 रोजी, नंदुरबारमधल्या टेंभलीत. पण आधारमुळे रेशनचं काय होतं, याची गाजलेली पाहणी ज्याँ द्रेज, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये केली ती झारखंडमध्ये.

सुरुवात आपली. हिशेब मात्र दुसरीकडे.

विषय हवेत ना? हा पहिला. महाड-पोलादपूरचा चाकरमानी मुंबईत, बायको वाडीत. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीला 2025 मध्ये पतीचं किंवा वडिलांचंही आधार लागलं. ओटीपी जाणार त्यांच्या मोबाइलवर. नवरा पाळीवर असेल तर? वारला असेल तर? टाकून गेला असेल तर?

पंधराशे रुपये बाईचे. होकार पुरुषाच्या फोनचा.

दुसरा विषय. भाताची लावणी, लाकूडफाटा, शेणमाती करून हाताच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातलं मशीन तो अंगठा घेत नाही. अंगठा लागला नाही म्हणून कुणाला वंचित ठेवू नका, असं आधार प्राधिकरणानेच ऑक्टोबर 2017 मध्ये कळवलं आहे. ते कोणत्या दुकानापर्यंत पोचलं? मशीन फार तर फसलेला प्रयत्न नोंदवेल. रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या आजीच्या घरी त्या महिन्यात काय शिजलं, हे विचारायला माणूसच लागतो.

तिसरा विषय शेजारीच आहे. तळिये. 22 जुलै 2021 ला दरड कोसळली, 80 हून अधिक माणसं गेली, कित्येकांचे मृतदेह हातीच लागले नाहीत. त्याच पावसात सावित्रीचं पाणी महाडमधल्या घरांत शिरलं. ज्याचा एकही कागद उरला नाही, त्याला डिजिटल नोंदीने तारलं असेल का? आणि जो सापडलाच नाही, त्याची नोंद कुणी, केव्हा बंद केली?

प्रबंध म्हणजे तक्रार अर्ज नव्हे. आधारने जे सावरलं, तेही त्यात आलं पाहिजे.

कायदाही हाताशी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना मराठीतही मागण्याची तरतूद आहे. गावात ती कोण मागणार? कोण दाखवणार?

हाच कायदा संशोधनाला सवलत देतो. त्यातली एक महत्त्वाची अट : गोळा केलेल्या माहितीवरून त्या माणसाविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही. नेमक्या याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललं आणि ती माहिती नाकारणं सोपं केलं. अभ्यासकाला दार उघडं आणि लाभार्थ्यांची यादी मागणाऱ्या गावकऱ्याला बंद?

हा चौथा विषय. फुकट.

‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’, असा सवाल डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात झाला होता. हे घ्या दिवे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या अशाच कामासाठी वेळेवर मिळाल्या पाहिजेत. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर रायगड जिल्ह्यातच आहे. मशीन कळणारा आणि वाडी कळणारा, असे दोन गाइड एका विद्यार्थ्याला द्यायला कुणाची हरकत आहे?

आणि अभ्यासकांनो, एक पथ्य तुम्हालाही. गावकऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करत फिरू नका. खासगीपणावरचा प्रबंध लोकांचे बारा आकडे जमवून लिहायचा नसतो.

निष्कर्ष मराठीत लिहा. पदवीदान समारंभाच्या आधी ग्रामसभेत वाचा. ज्यांच्या अंगठ्यांवर तुमची पदवी उभी राहणार, त्यांना ‘हे चूक आहे’ म्हणायची पहिली संधी मिळालीच पाहिजे.