लॅम्बडाराव

सकाळी साडेआठ वाजता आमच्या तारनाक्याच्या अपार्टमेंटमध्ये एक पांढरी गाडी सुरू होते आणि जागेवरून हलत नाही. आत एक गृहस्थ स्टेअरिंगला हात न लावता, आरती सुरू व्हायची वाट पाहत असल्यासारखे बसलेले असतात. डॅशबोर्डवर, जिथे इतरांचा गणपती असतो, तिथे यांचा एक गोल मीटर आहे. पहिल्या आठवड्यात वॉचमनला वाटलं, साहेबांना चक्कर आली. त्यानं घाबरून काच वाजवली. काच चार बोटं खाली आली आणि आतून उत्तर आलं, "सेन्सर गरम होतोय."

हे आमचे लॅम्बडाराव. मेंटेनन्सच्या पावतीवर त्यांचं दुसरं नाव आहे, पण ते आता पावतीपुरतंच उरलं आहे. बालपण काचीगुड्याच्या मराठी गल्लीत, नोकरी बँकेत आणि तीही ऑडिटची. दुसऱ्याच्या पेटी कॅशमधले साडेतीन रुपये शोधण्यात तीस वर्षं गेलेला माणूस. अशा माणसाने आयुष्यात एकच बेहिशेबी गोष्ट केली: पाच वर्षांपूर्वी आपल्या छोट्या टर्बो गाडीचा रीमॅप करून घेतला. एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, पाऊण तासात १०५ अश्वशक्तीची गाडी १३० ची करून निघून गेला. त्या रात्रीपासून लॅम्बडारावांची झोप उडाली. पंचवीस घोडे आले कुठून? व्हाउचर कुठे आहे? त्यातून २०१९ साली सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ नोंदीत न बसणारे फेरफार गाडीत करता येणार नाहीत असं सांगितलेलं त्यांना तोंडपाठ. म्हणून 'रीमॅप' हा शब्द ते लिफ्टमध्येसुद्धा दबक्या आवाजात उच्चारतात.

घरात ऐवज आला की माणूस कुलपं आणतो. लॅम्बडारावांनी सेन्सर आणले.

त्यांची भीती मात्र खोटी नाही. पंगतीत वाढपी एका टोकाकडून वाढत येतो आणि श्लोक होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं असतं. पण शेवटच्या पानावर एखादा भुकेला पाहुणा असतो. उकाडा वाढला, दाटी वाढली की तो वाढपी पोचायच्या आतच ताटात हात घालतो. इंजिनात असं झालं की त्याला नॉकिंग म्हणायचं. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं, दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात आणि टिणटिण ऐकू येतं. टर्बोचा दाब वाढवलेल्या गाडीत हे जास्त. एखाद्या वेळेस झालं तर आवाजावर भागतं. होतच राहिलं तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. उपाय दोन: पूर्ण जोर लावताना पेट्रोल थोडं जास्त सोडून आतली हवा गार ठेवायची, किंवा ठिणगी जरा उशिरा टाकायची.

पेट्रोल किती जास्त, हे कळायला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. साधा सेन्सर गाडीत कंपनीचा होताच, पण तो आमटीत मीठ कमी की जास्त एवढंच सांगणारा. वाइडबँड चिमट्या मोजून सांगतो. त्याच्या पोटात सिरॅमिकची इवलीशी कोठी असते. तिच्यातला ऑक्सिजन विजेच्या जोरावर आत-बाहेर करून समतोल राखायचा आणि त्याला वीज किती लागली त्यावरून मिश्रण ओळखायचं. हे सगळं सातशे-आठशे अंशांवर. थंड पाइपात साचलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला की तडा. म्हणून रोज सकाळचं ते ध्यान.

त्यांच्याकडचा संच जुन्या पद्धतीचा. सेन्सर अधूनमधून पाइपातून काढून मोकळ्या हवेत धरावा लागतो, म्हणजे 'ऑक्सिजन म्हणजे एवढा' हे त्याला पुन्हा पाठ होतं. आता तारनाक्याच्या चौकात मोकळी हवा आणायची कुठून? लॅम्बडाराव पहाटे साडेपाचला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात जातात आणि झाडाखाली, वायरला लोंबकळणारा सेन्सर पुढे धरून उभे राहतात. एकदा फिरायला आलेल्या दोन आजोबांनी थांबून विचारलं, हे काय? "ऑक्सिजन बघतोय." आजोबांचे डोळे चमकले, करोनात आपण सगळेच त्या विषयाचे तज्ज्ञ झालो होतो. "कितना है?" "बीस दशमलव नौ." हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो, यात लॅम्बडारावांचा काय दोष? पण आजोबांनी ९४ च्या खाली आकडा म्हणजे ॲम्ब्युलन्स एवढंच शिकलेलं. त्यांनी लॅम्बडारावांना धरून बाकावर बसवलं, बूट सैल केले आणि पाणी पाजलं.

नावाची कथा वेगळी. पूर्वी ते इतरांसारखं "चौदा पूर्णांक सात" म्हणायचे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. मग पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास हवा पुरते. मीटर मात्र १४.७ च दाखवत राहिला, कारण तो मुळात गुणोत्तर मोजतो आणि जुन्या आकड्याने गुणून दाखवतो. हे कळल्यावर लॅम्बडारावांना मीटरने खोट्या सह्या केल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ते फक्त लॅम्बडात बोलतात: हवा नेमकी पुरेशी तर एक, पेट्रोल जास्त तर एकाच्या खाली. वहिनींनी भातात पाणी जास्त घातलं तेव्हा "पॉइंट आठ झालंय" म्हणाले आणि त्या रात्री नुसत्या दह्यावर झोपले.

दुसरा रखवालदार नॉक सेन्सर. तो इंजिनाच्या ब्लॉकला चिकटून बसलेला असतो आणि धातूचा थरकाप ऐकतो. जवळच एनजीआरआयमध्ये शास्त्रज्ञ पृथ्वीचे हादरे मोजतात. लॅम्बडाराव त्यांना व्यवसायबंधू मानतात. हादरा जाणवला की संगणक ठिणगी दोन-तीन अंश मागे घेतो, धोका टळला की हळूहळू पुन्हा पुढे आणतो. स्वीडनच्या साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच कानाच्या भरवशावर टर्बोचा दाब आवरला होता, हे मी त्यांच्याकडून निदान अकरा वेळा ऐकलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी मला पहाटे उठवलं. उप्पल, घटकेसर आणि मग आउटर रिंग रोड. माझ्या मांडीवर लॅपटॉप. "नॉकच्या रकान्यात शून्य सोडून काही आलं की ओरडायचं." तिसऱ्या गिअरमध्ये त्यांनी पाय दाबला, माझं डोकं मागे आपटलं, रकान्यात उणे तीन आलं. मी ओरडलो. त्यांनी पाय काढला. पुन्हा दाबला, उणे चार, मी पुन्हा ओरडलो. तासाभरात माझा घसा बसला आणि लॅम्बडारावांचा चेहरा आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा झाला. पेट्रोल बदललं, महागातलं घातलं. स्पार्क प्लग बदलले. उणे तीन हलेना.

शेवटी लालागुड्याच्या उस्तादांकडे नेलं. उस्तादांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडून कान दिला, हात घातला आणि एक क्लॅम्प बोटांनी हलवून दाखवला. वाइडबँडची वायर बांधायला लॅम्बडारावांनी स्वतःच तो ब्लॉकला लावला होता. त्याचा नट ढिला. जोर लावला की तो थरथरायचा आणि शेजारचा नॉक सेन्सर बिचारा तेच नॉकिंग समजायचा. "क्या साब," उस्ताद म्हणाले, "इंजन को कुछ नक्को करो, इंजन अच्छा है. क्लॅम्प को देख के कंप्यूटर डर रा, कंप्यूटर को देख के आप डर रे." पाना फिरवला अर्धा फेरा. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र लॅम्बडारावांनी पाजला, उस्मानिया बिस्किटासकट.

आता वाटेल, सुटले. छे. रकान्यात शून्य आल्यावर ते आठवडाभर जास्तच अस्वस्थ होते. आक्षेप एकही नाही असं ऑडिट त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. सेन्सरच बंद पडला असेल म्हणून दुसरा मागवला.

दरम्यान गाडी चालते कुठे? तारनाका ते मेट्टुगुडा, मेट्रोच्या खांबांच्या सोबतीनं, रिक्षांच्या मागून. त्या पंचवीस जादा घोड्यांना या रस्त्यावर खोगीरसुद्धा चढत नाही. सुलतान बाजारला जायचं तर वहिनी परेड ग्राउंडला मेट्रो बदलून जातात. "गाडीला ताण नको म्हणतात," एवढंच त्या सांगतात.

पाच वर्षांत गाडी एकोणीस हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन उत्तम आहे, हे मी रकाना स्वतः पाहिल्यामुळे खात्रीने सांगतो. कुणाला घ्यायची असेल तर वहिनींना दुपारी भेटा. साडेआठला येऊ नका, त्या वेळी सेन्सर गरम होत असतो.