मदत : आजी-आजोबा, श्रीरामपूर

कोलंबस, ओहायो
९ ऑक्टोबर

ती. अण्णा व ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोन रोजच होतो, तरी पत्र लिहायला बसले. फोनवर अण्णा 'तिकडं थंडी पडली का' विचारतात, आई 'जेवण झालं का' विचारतात, आणि दोन्ही उत्तरं मिळाली की फोन धाकट्याच्या हातात जातो. मुद्द्याचं राहूनच जातं. गेल्या आठवड्यात श्रीरामपुरातून आमच्याकडे जी विद्या आली, तिची लेखी पोच द्यायलाच हवी.

छकुलीचं कॉलेज सुरू झाल्यापासून घरात गणित आणि प्रोग्रॅमिंग यांशिवाय तिसरा विषय नाही. गृहपाठ रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत संगणकावरून पाठवायचा असतो. ११:५८ पर्यंत घरात युद्ध, १२ ला सगळे गार. कॉलेजात मदतीची सोय मात्र भरपूर. प्राध्यापक ठरलेल्या वेळी खोलीचं दार उघडं ठेवून बसतात, मुलांनी येऊन विचारावं म्हणून. आपल्याकडे स्टाफरूमच्या उंबऱ्यावर उभं राहून 'मे आय कम इन सर' म्हणताना घशाला कोरड पडायची! इथं सर वाट बघतात आणि मुलंच फिरकत नाहीत. छकुलीला म्हटलं, "अगं, जा की!" तर म्हणते, "काय विचारायचं हे कळलं असतं, तर अडले असते कशाला?" मला उत्तर सुचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, घरात बाप संगणक इंजिनिअर असताना बाहेर कशाला जायचं? अण्णा, तुमचे चिरंजीव इतकी वर्षं संगणकाच्या नोकरीत आहेत हे खरं, पण हल्ली ते फक्त मीटिंगा करतात. छकुलीनं प्रोग्रॅम दाखवला, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "याची डेडलाइन कधी आहे?" ती म्हणाली, "आज रात्री." "मग उद्या सकाळी सविस्तर बोलू."

दुसरा मदतनीस म्हणजे एआयचा चॅटबॉट. तो थकत नाही, चिडत नाही, 'एवढंही येत नाही?' म्हणत नाही. या तिन्ही बाबतींत तो अण्णांच्या अगदी उलट. प्रश्न अर्धा लिहावा, तर पूर्ण उत्तर हजर. पण त्याच्याकडून प्रोग्रॅम लिहून घ्यायला सरांनी सक्त मनाई केली आहे. एकमेकांचं उतरवायचीही सोय नाही. मॉस नावाची एक प्रणाली १९९४ पासून मुलांचे प्रोग्रॅम एकमेकांशी ताडून बघते. नुसती नावं बदलली, ओळी वरखाली केल्या, तरी तिला साम्य दिसतं. हे ऐकून चिरंजीव गंभीर झाले. त्यांच्या काळी प्रॅक्टिकलचं जर्नल एकानं लिहायचं आणि साऱ्या बॅचनं उतरवायचं अशी रीत होती. एका वर्षी सगळ्यांच्या आलेखात एक बिंदू जास्त आला, कारण मूळ वहीवर पेनाचा ठिपका पडला होता. सरांनी तो बिंदू तपासून बरोबर केला म्हणे.

तर अशी सगळीकडून नाकेबंदी झालेली असताना गेल्या आठवड्याचा गृहपाठ आला. छकुली म्हणाली, "आई, हा कुणी कापरेकर आहे." मी पोळी तव्यावर टाकून धावले. आपले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर! देवळालीच्या शाळेतले मास्तर ओहायोच्या वर्गात! चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा, की ६१७४ येणारच. त्यांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं आणि मास्तर जगभर झाले. छकुलीला वाटलं, देवळाली म्हणजे आपल्या राहुरीकडची देवळाली प्रवरा. तिला सांगितलं, ही नाशिकची. बिचारी हिरमुसली, फार थोडक्यात हुकलं म्हणाली. कापरेकरांनी गावांची आणि स्टेशनांची नावं संख्यांना दिली, म्हणून देवळाली संख्या आहेत, डेम्लो संख्या आहेत. पण ते आपल्या गावी उतरले असते तरी श्रीरामपूरचं भाग्य उजळलं नसतं. स्टेशनावर पाटी बेलापूरची, संख्याही बेलापूरच्याच झाल्या असत्या!

छकुलीला १००० पासून ९९९९ पर्यंत, एकाच अंकाच्या सोडून, प्रत्येक संख्या किती पायऱ्यांत ६१७४ ला पोचते ते प्रोग्रॅमनं काढायचं होतं. प्रोग्रॅम लिहिला, सुरू केला, आणि तो पहिल्याच संख्येवर फिरत बसला. चहा झाला, जेवण झालं, हा आपला १००० वरच. तेव्हा तिला आठवलं, मदत कुणाची घ्यायची नाही याची दोन पानी यादी सरांनी दिली आहे, पण तीत आजोबा नाहीत. पोरगी सरळ. तिनं सरांना मेल करून विचारलं. सरांचं एका ओळीत उत्तर : आजोबांनी प्रोग्रॅम लिहू नये, आणि मदत घेतलीस तर तसं वरती नमूद कर.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मी इकडच्या बाजूनं सांगते. इथं रात्रीचे नऊ, तिकडं सकाळचे साडेसहा. अण्णा मफलर गुंडाळून पडद्यावर आले. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पायथन येतं?" अण्णा म्हणाले, "नाही. वही घे." आमच्या घरात वही सापडेना! शेवटी किराण्याच्या यादीच्या मागं लिहायला बसली. अण्णांनी एकही उत्तर सांगितलं नाही. नुसतं विचारत राहिले : "१००० चे अंक उतरत्या क्रमानं? बरं. चढत्या? ०००१. वजाबाकी?" "९९९." "पुढं?" "९९९ वजा ९९९, शून्य." "आणि मग?" "शून्यच. कायमचं." तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "आजोबा, कापरेकर चुकले!"

अण्णांनी तेवढ्यात पवित्रा घेतला होता, पण मागून आईंचा आवाज आला, "अगं, खाडा लिही की." अण्णा म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस." पण आई कॅलेंडर घेऊन कॅमेऱ्यापुढं आल्याच. "दूधवाला आला नाही आज. म्हणून मी आजचं घर मोकळं सोडते का? खाडा लिहिते. मोकळं सोडलं, तर महिनाअखेर तो म्हणेल, तीसही दिवस घातलं. तुझ्या ९९९ ला चार घरं आहेत ना? मग रिकाम्या घरात शून्य नको का?"

दोन्हीकडं शांतता. मग छकुलीनं ९९९ च्या आधी शून्य मांडलं. ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढं ८०८२, मग ८५३२, आणि मग ६१७४! पाच पायऱ्या. संगणक पुढचं शून्य बिनकामाचं म्हणून गाळत होता. शून्याचं गणित जगाला शिकवणाऱ्या देशाच्या नातीनं ते सहज गाळू दिलं, असं अण्णा म्हणाले, पण हळू म्हणाले, कारण आई शेजारीच होत्या.

तुमच्यापैकी कुणालाच तिची संगणकाची भाषा येत नव्हती, तेच बरं झालं. येत असती तर चूक दुरुस्त करून मोकळे झाला असता. येत नव्हती म्हणून प्रत्येक पायरी तिला तोंडानं सांगावी लागली, आणि सांगता सांगता काय विचारायचं ते तिला कळलं. त्यानंतर ती आपणहून सरांच्या खोलीत जाऊन आली.

प्रोग्रॅमच्या वर तिनं इमानदारीत लिहिलं : 'मदत : आजी-आजोबा, श्रीरामपूर, महाराष्ट्र. आजोबांनी प्रश्न विचारले. आजीनं चूक शोधली. आजोबांनी आजीला बोलू नकोस म्हटलं होतं. दोघांनाही प्रोग्रॅमिंग येत नाही.' सरांनी पूर्ण गुण दिले आणि समासात विचारलं, 'खाडा म्हणजे काय?' कारण शून्य भरणाऱ्या फंक्शनला तिनं तेच नाव दिलं आहे.

पुढच्या गृहपाठात देवळाली संख्या आहेत असं ऐकते. अण्णांनी गुरुवारी सकाळी फिरायला जाऊ नये. आईंनी कॅलेंडर हाताशी ठेवावं.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची सून

ता. क. : यांच्या ऑफिसातला एक प्रोग्रॅम परवापासून अडकला आहे. आईंना वेळ कधी असतो, असं विचारत होते. अण्णांना कळू देऊ नकोस म्हणाले, म्हणून वेगळा कागद न घेता इथंच लिहिलं.